प्रॉम्प्टर भाऊंचा रेडिएटर

आमच्या प्रॉम्प्टर भाऊंना शांतता सहन होत नसे. समोरचा माणूस बोलता बोलता जरा थांबला, नुसता आवंढा गिळायला थांबला, तरी भाऊंचे ओठ हलायला लागत आणि पुढचं वाक्य त्या माणसाच्या कानाशी हजर होई. एसटीच्या दारात कोणी कंडक्टरला "एक आरमोरी..." म्हणून खिशात हात घातला, की मागून भाऊ म्हणत, "अना एक हाफ." त्या माणसाबरोबर मूल आहे की नाही, याच्याशी भाऊंना काही देणंघेणं नसे.

मयतीच्या घरी तर त्यांना ऊत यायचा. तिथे सगळे गप्पच बसलेले असतात. भाऊ एकेकाकडे सरकून वाक्यं वाटत जात. "म्हना, लय चांगला मानूस होता." एकदा एकाचा थोरला भाऊ वारला. दोघांनी बांधावरून आयुष्यभर एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं. तो धाकटा दारात येऊन नुसता उभा राहिला. भाऊंनी खालून ओळ टाकली, "दादा, मले सोडून कुठी गेलास?" तो बिचारा ते मोठ्याने म्हणाला आणि म्हणता म्हणता खरंच धाय मोकलून रडला. भाऊ समाधानाने मला म्हणाले, "पाहा बाई, वेळेवर भेटलं तं कोनीही करते."

हे सगळं आलं होतं त्यांच्या धंद्यातून. वडशाला आमची नाटक कंपनी. धानाची कापणी झाली की आमचा हंगाम सुरू होतो. आज या गावच्या मंडईच्या जत्रेत एक नाटक, उद्या त्या गावच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, दुसरं. नाटक रात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतं आणि दिवसा आम्ही पुढच्या गावच्या रस्त्याला असतो. पाठांतर कधी करणार? तालीम नावापुरती. विंगेत पुस्तक आणि बॅटरी घेऊन उभा असलेला प्रॉम्प्टर ओळ टाकतो, आम्ही ती उचलतो. मी सिंदेवाहीहून या कंपनीत नायिका म्हणून आले, तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं की आमचे भाऊ संवादांबरोबर कंसातल्या सूचनाही त्याच सुरात वाचतात. पहिल्याच प्रयोगात हजारभर माणसांसमोर मी कळवळून म्हणाले, "डोळे पुसत, नाथ, जाऊ नका!" पब्लिकने शिट्ट्या वाजवल्या. मी आत येऊन भाऊंना बोलायचं ते बोलले. ते शांतपणे म्हणाले, "मी तं बरोबर वाचलं. डोळे तुम्हीच नाई पुसले."

आता अशा माणसाला गावात उतरवायचं कुठे, हा कंपनीपुढचा मोठा प्रश्न होता. आमच्याकडे नाटक असलं की घरोघर पाहुणे येतात, लग्नं जुळतात, आणि कलाकारांनाही लोक हौसेने घरी उतरवून घेतात. भाऊंनाही पूर्वी घेत. मग एका गावी असं झालं, की ज्या घरी ते उतरले होते तिथली सासू सुनेला स्वयंपाकघरात बोलत होती. भाजीत मीठ नाही, घरात लक्ष नाही, माहेरी हेच शिकवलं का. सून रीतीप्रमाणे मान खाली घालून गप्प. भाऊ बाहेरच्या खोलीत पडले होते. त्या पोरीची गप्प बसण्याची वेळ लांबत गेली, आणि भिंतीपलीकडून स्पष्ट आवाज आला, "म्हन, तुमच्या पोराले तं आवडते माझ्या हातचं."

आणि ती म्हणाली!

संध्याकाळपर्यंत त्या घराच्या दोन चुली झाल्या. ही बातमी झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या या सगळ्या धानाच्या मुलखात, फिरली. त्यानंतर भाऊंना कोणी उंबऱ्याच्या आत घेईना. घेतलंच तर घरातल्या सुना खूश आणि सासवा दार अडवून उभ्या. म्हणून भाऊंनी ती गाडी घेतली.

ती एक जुनी डिझेल व्हॅन होती. आधी ती फिरता दवाखाना होती. भाऊंनी तिला निळा रंग दिला, पण रंगाखालची 'फिरता दवाखाना' ही लाल अक्षरं उन्हात तेवढ्याच जोमाने वर येत. आत एका बाजूला झोपायची फळी, तिच्याखाली नाटकांच्या पुस्तकांची पेटी, दुसऱ्या बाजूला स्टोव्ह, भांडी आणि आम्हा बायांना रंगायला एक आरसा. खिडक्यांना पडदे म्हणून त्यांनी जुना दरबाराचा पडदा कापून लावला होता. त्यामुळे एका खिडकीत अर्धं सिंहासन होतं आणि दुसऱ्या खिडकीत चवरी ढाळणाऱ्या दासीचा नुसता हात. कंपनीच्या बसमधे ढोलकीवाल्यांच्या पायांशी बसण्यापेक्षा मी त्या गाडीतून जाणं पसंत करत असे. भाऊंची बडबड सहन करायची, एवढंच भाडं.

गाडीचा एकच आजार होता. ती तापायची. मागच्या हंगामात रेडिएटर गळायला लागला, तेव्हा भाऊंना भात गिरणीतल्या कोणीतरी अक्कल शिकवली, की पाण्यात मूठभर बारीक कोंडा टाका, तो फुगून भोक बुजवतो. आमच्या वडशात कोंड्यावर लोकांचा देवाइतका विश्वास. भाऊंनी टाकला, आणि गळती खरंच थांबली. इथेच घात झाला. कारण त्यानंतर गाडी जरा कुरकुरली की भाऊ तिला मूठभर कोंडा देत. म्हणत, "खाऊ द्या तिले." हंगाम संपेपर्यंत ती गाडी एखाद्या दुभत्या म्हशीइतका कोंडा खाऊन बसली होती. शेवटी शेवटी दर चढावर बॉनेटमधून वाफ निघे आणि भात उतू गेल्याचा वास येई. तीन-चार प्रयोगांना भाऊ उशिरा पोचले; मी वाटेत मिळेल ती गाडी धरून पुढे जाई. एकदा तर मालकाला स्वतः विंगेत उभं राहून पुस्तक वाचावं लागलं, आणि मालकाला जोडाक्षरं येत नाहीत.

दिवाळीनंतर मालकाने भाऊंना ऑफिसात बोलावलं. मीही तिथेच होते.

"भाऊ," मालक म्हणाला, "गावात तुम्हाले कोनी घरात घेत नाई. गाडीत राहा म्हनलं तं गाडी रस्त्यात शिजून राह्यली. मंग ठेवू कुठी तुम्हाले? यंदा पयला प्रयोग एटापल्लीले हाये. दिवस बुडाच्या आत तुमची गाडी तिथी लागली पाह्यजे. दुसरा प्रॉम्प्टर मी सांगून ठेवला हाये. नाई लागली तं..."

मालक भला माणूस. त्याला पुढचं बोलवेना. तो टेबलावरच्या काचेखालचे फोटो पाहायला लागला. आणि भाऊंच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "तं उद्यापासून तुम्ही येऊ नका."

"हं. तेच," मालक म्हणाला.

बाहेर आल्यावर भाऊ बराच वेळ पायरीवर बसून होते. मला इतकं वाईट वाटलं की मी त्यांना चहा पाजला. पुस्तक हातात नसेल तर हा माणूस करणार काय, हे मला सुचेना. त्यांना बायको नव्हती, पोरं नव्हती. होती ती गाडी आणि विंगेतली दोन हात जागा.

दुसऱ्या दिवशी रेडिएटरवाला आला. हा गृहस्थ मितभाषी, म्हणजे भाऊंच्या दृष्टीने सतत ओळ विसरणारा. तो पाना धरून जरा विचार करायला लागला की भाऊ म्हणत, "आता होज पाइप." तो चिडून मुद्दाम फॅन बेल्ट काढायचा. असं करत करत त्याने रेडिएटर उतरवला, वरची टाकी उघडली आणि मागे सरकला. आंबलेल्या पेजेचा भपकारा आला. गल्लीतल्या सगळ्या कोंबड्या पळत आल्या.

"बाप्पा!" रेडिएटरवाला म्हणाला, "भाऊ, हे रेडिएटर हाये का धानाचा ढोला?"

ढोला म्हणजे धान साठवायची कणगी, आणि नळीनळीत तसाच कोंड्याचा गारा घट्ट बसला होता. त्याने लोखंडी सळीने एकेक नळी साफ केली. जिथे गळत होतं तिथे झाळलं. इंजिनातून उलटं पाणी सोडलं, ते आधी तपकिरी आलं, मग पिवळं, मग स्वच्छ. पाण्याचा पंप खोलून त्याचं सील बदललं, सगळे होज नवे घातले. कोंड्याखाली पांढरा कडक थर होता, तो त्याने खरवडून भाऊंसमोर धरला.

"कोंडा माझा," भाऊ म्हणाले, "हे पांढरं माझं नाई. हे जड पान्याचं हाये. ज्या पान्यात तुरीची डाळ शिजत नाई, ते पानी मी गाडीले पाजलं. आता नाई पाजन."

मग निघाला थर्मोस्टॅट. इंजिनाच्या पाण्याच्या वाटेवर बसवलेलं हे एक लहानसं दार. पाणी तापलं की आपोआप उघडतं आणि ते रेडिएटरकडे सोडतं. आमच्याकडचे मिस्त्री ते काढून फेकून देतात, म्हणतात गाडी मोकळी राहते. आमचा रेडिएटरवालाही फेकायला निघाला होता. भाऊंनी नवा आणवला आणि तो खरा आहे का हे पाहायला मी स्टोव्हवर ठेवलेल्या चहात टाकला. आम्ही तिघं भांड्यावर वाकून बसलो. चहा तापला, कडेला बुडबुडे आले आणि ते दार हळूच उघडलं. कोणी काही बोललं नव्हतं. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हा खरा कलाकार," ते म्हणाले. "याले सांगा लागत नाई."

तो चहा आम्ही प्यायलो नाही.

रेडिएटरवाल्याने हिरवं कूलंट घाला म्हणून सुचवलं, पण भाऊंनी ते हुंगून परत केलं. ज्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजवून पाहिली होती, तिचं पाणी भरलं आणि आणखी एक कॅन गाडीत ठेवला. जाताना तो मितभाषी माणूस एकदाच सविस्तर बोलला, "अंदर हवा राह्यली असन. ते निघून जाईन तं पानी खाली जाईन. आलापल्लीच्या पुढं थांबजा, गाडी थंडी होऊ देजा, पानी पाहून घेजा. मंग चिंता नाई."

एटापल्लीला निघालो तेव्हा सकाळ होती. मी भाऊंच्या शेजारी. गाडी अशी चालली की तापमानाचा काटा अर्ध्यावर जो थांबला तो हलेच ना. भाऊ रस्त्याकडे कमी आणि काट्याकडे जास्त पाहत होते. चामोर्शीला चहासाठी थांबलो, आणि लाल अक्षरांनी डाव साधला. एक म्हातारी खिडकीशी येऊन उभी राहिली.

"डाक्टर, चक्कर येते."

भाऊंनी सांगून टाकायला हवं होतं की हा दवाखाना नाही. पण म्हातारी "चक्कर येते, अना..." म्हणून थांबली, आणि भाऊ म्हणाले, "अना रातच्यानं झोप नाई येत."

"हो माय!" म्हातारी खूश झाली. एवढा समजूतदार डॉक्टर तिला आजवर भेटला नव्हता. भाऊंनी तिला कॅनमधलं पाणी साखर-मीठ घालून दिलं. बघता बघता रांग लागली. भाऊ एकेकाला त्याचा आजार सांगत होते आणि पाणी पाजत होते. मी हॉर्न वाजवून वाजवून थकले. रांग संपली तेव्हा कॅन रिकामा होता.

आलापल्लीच्या पुढे सागाच्या जंगलात एका लहान गावापाशी आम्ही थांबलो. गाडी निवली. भाऊंनी झाकण उघडलं. पाणी खरंच खाली गेलं होतं. समोरच बोरिंग होतं. दोन हापसे मारले असते तर काम झालं असतं. पण भाऊंनी पेटी उघडून डाळीचा डबा काढला.

"भाऊ, आता?" मी म्हणाले.

"बाई, मांगच्या वर्षी अशीच घाई केली होती."

"मंग कुकर लावा!"

"कुकरात कोनतंही पानी पास होते. कॉपी करून पास झाल्यासारखं. भांड्यातच शिजवा लागते."

स्टोव्ह पेटला. बोरिंगच्या पाण्यात डाळ चढली. उन्हं कलली. डाळीचा दाणा दगडासारखा. बोरिंगवर आलेल्या बायांना भानगड कळली आणि त्या भडकल्या. "काऊन जी, आमच्या बोरिंगले नाव ठेवता?" तेवढ्यात वरच्या टोल्यावरची, म्हणजे वरच्या वस्तीतली, एक बाई आली. म्हणाली, खालच्या टोल्यातली डाळ कधी शिजलीच नाही, आमच्या विहिरीचं पाणी न्या. खालच्या म्हणाल्या, त्या विहिरीत तर बेडकं. झालं. दोन्ही टोल्यांतून पुरावा म्हणून शिजलेल्या डाळीच्या वाट्या यायला लागल्या. ज्या माणसाला कुठल्या घरात थारा नव्हता, तो गाडीच्या पायरीवर बसून अख्ख्या गावाच्या घरची डाळ चाखत होता. प्रत्येक वाटीनंतर मान हलवत होता. चेहऱ्यावर असं सुख, की मालक, एटापल्ली, मावळता दिवस, सगळं भाऊ विसरले असावेत. मी मावळतीकडे बोट दाखवलं.

"भाऊ, दिवस बुडून राह्यला! तुमची नोकरी जाईन!"

"वरच्या विहिरीची चढवली हाये. आता होते."

त्याच वेळी रस्त्याने काळीपिवळी जीप आली. मी हात दाखवला. नायिका नसली तर प्रयोगच नाही, प्रॉम्प्टर दुसरा होता. जीपमध्ये एक पाय ठेवून मी मागे वळले आणि "भाऊ..." म्हणून थांबले. भाऊंनी लगेच सांगितलं, "म्हना, लवकर या."

"लवकर या," मी म्हणाले.

ते आले नाहीत. पडदा उघडला तेव्हा विंगेत दुसराच माणूस होता. मालक दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आला आणि मग त्याने रस्त्याकडे पाहणं सोडून दिलं.

त्या नाटकात एक प्रवेश आहे. मी सासरी त्रासात आहे. म्हातारा बाप भेटायला येतो आणि विचारतो, "पोरी, सुखात आहेस ना?" मला म्हणायचं असतं, "हो, बाबा." एवढंच. बापाचं वाक्य संपायच्या आत विंगेतून भाऊंचा "हो, बाबा" येत असे, आणि मी तो उचलत असे. नाही उचलला तर ते दुसऱ्यांदा इतक्या मोठ्याने टाकत की मागच्या रांगेतला माणूस उत्तर देई. त्या रात्री नव्या प्रॉम्प्टरची दोन पानं एकदम उलटली गेली. तो पान शोधत राहिला. बापाने विचारलं, आणि कुठूनच काही आलं नाही. मी बापाकडे पाहिलं. त्याचा झिजलेला सदरा पाहिला. म्हणावं की न म्हणावं, असं मला खरोखरच झालं. समोर एवढी माणसं, पण कोणी खोकललंही नाही. मग मी म्हणाले, "हो, बाबा." आणि बायांच्या बाजूने हुंदका ऐकू आला.

सकाळी उजाडल्यावर तोंड धुवून बाहेर आले, तर मंडपाच्या कडेला निळी गाडी उभी. भाऊ पायरीवर बसलेले. गाडी तापली नव्हती, काटा जागचा हलला नव्हता, हे त्यांनी आधी सांगितलं. नाटक सुरू झाल्यावर ते पोचले होते. विंगेत जायची लाज वाटली, म्हणून तिकीट काढून समोर जमिनीवर बसले. सारं आयुष्य नाटकात गेलं, पण समोरून नाटक त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "बाप विचारते तवा तुम्ही थांबल्या. विसरल्या होत्या काय?"

मला वाटलं, हो म्हणावं. काय बिघडतं? पण ते माझ्याकडे असे पाहत होते, की माझ्याने खोटं बोलवेना.

"नाई भाऊ. विसरली नव्हती."

"कधीच विसरत नव्हत्या?"

"त्या जागी कधीच नाई."

एवढ्यात मालक तावातावाने आला. नवा माणूस काही कामाचा नाही, पानं चुकवतो, झालं गेलं विसरा, उद्यापासून पुस्तक तुम्हीच धरा, असं त्याने एका दमात सांगितलं. मला आनंदाने टाळीच वाजवावीशी वाटली. भाऊंनी मान हलवली.

"नाई मालक. मी तिथी असलो का या बाईले थांबता येत नाई. मले आता समोर बसू द्या."

मालकाने खूप समजावलं. भाऊंनी ऐकलं नाही. तेव्हापासून गाडी आमच्या मागोमाग गावोगाव येते, वेळेवर येते, कधी तापत नाही. भाऊ तिकीट काढतात आणि पहिल्या रांगेत बसतात. बापाचा प्रवेश आला की मला स्टेजवरून सगळं दिसतं. "पोरी, सुखात आहेस ना?" असं बापाने विचारलं रे विचारलं, की भाऊ खांद्यावरचा दुपट्टा ओढतात, त्याचा बोळा करून तोंडात कोंबतात आणि दोन्ही हातांनी दाबून धरतात. डोळे बाहेर येतात, मान लाल होते, पण शब्द बाहेर येऊ देत नाहीत. त्या जागी मी हल्ली जरा जास्तच थांबते.